जामसंड्याचं घर आणि कणकवलीची वाट

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, ते समुद्राजवळचं घर तू का नाही घेऊ दिलंस? मी उत्तर द्यायला लागले आणि तुमचं चित्र जागच्या जागी थांबलं, मग कॉलच तुटला. तुमच्या मामाने त्या घराचे फोटो तुम्हाला पाठवलेत आणि खाली लिहिलंय की आजीने व्हेटो वापरला. ते वाचून मला आलेला राग अजून गेलेला नाही. तो जायची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचं नाही, म्हणून रागातच लिहिते. एकतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. क्रम सोडून सांगितलेली गोष्ट मला चालत नाही. तेव्हा पहिल्यापासून वाचा, आणि मालवणी कुठे अडलं तर आईला विचारा. ती विसरली नसेल अशी आशा आहे.

कणकवलीतलं आमचं घर तुम्ही पाहिलंय, पण तेव्हा तुम्ही लहान होतात. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. तुमच्या आजोबांनी आणि मी निवृत्त झाल्यावर हा ब्लॉक घेतला तेव्हाच इमारत जुनी होती. मी तिची बाजू मांडणार नाही. लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे ते मला रोज दोनदा ऐकवतात. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटातल्या कोऱ्या साड्यांना बुरशीचा वास लागतो. न्हाणीघर एकच. तुमची मामेबहीण आठवीत आहे. ती जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते आणि ताटं मांडायची झाली की तिला वह्या उचलून पलंगावर जावं लागतं. मामा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून कम्प्युटरवर करतो. त्याची मीटिंग सुरू झाली की आम्ही तिघी कुजबुजत बोलतो आणि मिक्सर लावत नाही. नवं घर हवं होतं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे म्हातारीला बदल नको होता असं कोणी म्हणायला नको.

या घराचा गुण एकच. तुमची मामी इथून अकरा मिनिटांत चालत कामावर पोचते. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं सातच्या आधीच दारात उभी असतात. गावागावांतून पहिल्या गाडीने आलेली, चहाचा घोटही न घेतलेली. त्यामुळे सात म्हणजे सात. चौदा वर्षं ती हे करते आहे. म्हाताऱ्यांच्या आणि लहान पोरांच्या शिरा भल्याभल्यांना सापडत नाहीत, तिला सापडतात. माणसं आल्या आल्या विचारतात, "ती बाय आसा मगे?" आणि ती नसली तर बाकावर बसून राहतात. यंदा लॅबच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की सकाळची सगळी पाळी तिच्या हाती द्यायचा त्यांचा विचार आहे, फक्त वेळेत फरक पडता कामा नये. तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामा "अरे वा" म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये बघायला लागला. फोनमध्ये त्या घराचे फोटो होते.

एका रविवारी आम्ही चौघं कारने घर बघायला गेलो. नांदगावपर्यंत हायवे, मग तिठ्यावरून देवगडचा रस्ता, शिरगाव, तळेबाजार, जामसंडे, आणि जामसंड्याच्या पुढे वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. कातळ फोडून सपाट केलेल्या जागेवर एका रांगेत नवी घरं उभी होती, एकसारखी, पिवळट रंगाची. खोटं कशाला बोलू, मला घर आवडलं. खाली माझ्यासाठी खोली होती, तिला जोडून न्हाणीघर, आणि भिंतीला धरायला दांडा. मी तिथे एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मनात माझा पलंग कुठे लावायचा ते ठरवूनसुद्धा टाकलं. मामी स्वयंपाकघरात गेली. आमच्या घरचा ओटा इतका बुटका आहे की भाकऱ्या थापताना तिला वाकावं लागतं. हा ओटा तिच्या उंचीचा होता. तिने त्यावरून हात फिरवला, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. खिडकीतून समुद्राची बारीक पट्टी दिसत होती. 

परत येऊन गल्लीत कार थांबवल्यावर मामाने घड्याळ बघितलं आणि निकाल जाहीर केला. एक तास पाच मिनिटं. काहीच नाही. मुंबईत लोक याच्या दुप्पट प्रवास करतात.

आता तुम्ही विचार करा. तो रविवार होता. रस्ता रिकामा होता. पाऊस नव्हता. स्वतःची कार होती आणि वाटेत एकदाही थांबलो नव्हतो. आणि हा हिशोब मांडणारा माणूस कामाला जातो तो पलंगावरून उठून खुर्चीपर्यंत. त्याची खुर्ची जामसंड्यात ठेवली काय आणि कणकवलीत ठेवली काय. रोज जायचं होतं ते मामीने, आणि मामीला कार चालवता येत नाही. तिला ती शिकवायचं मामा लग्न झाल्यापासून म्हणतोय.

त्याच्याकडे उत्तरं तयार होती. सकाळची पहिली गाडी आहे. गाडी चुकलीच तर "अधूनमधून मी सोडीन की." आणि अगदीच जमलं नाही तर जामसंड्याला, देवगडला काय लॅब नाहीत? पगार जरा कमी मिळेल, पण घराजवळ. हे सगळं तो मला सांगत होता. मामी समोर बसून कुळीथ निवडत होती. "तिला जमेल," "तिला बरंच पडेल," "तिला सवय होईल," असं तिच्यासमोर तिच्याबद्दल चाललं होतं, जसं काही तिला रक्ताचे रिपोर्ट वाचता येतात पण मराठी समजत नाही.

मी त्या दिवशी गप्प बसले. का गप्प बसले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं लग्न झालं तेव्हा तुमच्या आजोबांनी गावात नवं चिरेबंदी घर बांधायला घेतलं होतं. माझी शाळा तळेबाजारच्या बाजूला. शाळेने बाहेरगावच्या शिक्षकांसाठी आवारातच खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक मला मिळत होती. बिऱ्हाड तिथे केलं असतं तर घंटा झाल्यावर निघाले असते तरी वर्गात वेळेवर पोचले असते. आजोबा शेती आणि काजूची बाग बघत होते. आठवड्यातून चार दिवस ते माझ्याकडे येऊन राहू शकले असते. ते म्हणाले, नवीन घर बांधलंय आणि तू शाळेच्या खोलीत राहणार? लोक काय म्हणतील? झालं. गावातून तिठ्यापर्यंत एक गाडी, तिठ्यावरून शाळेपर्यंत दुसरी. जाताना तसंच, येताना तसंच. लग्नापासून निवृत्तीपर्यंत सव्वीस वर्षं. मी मांडीवर पेपर ठेवून तपासले, हादऱ्यांनी लाल रेघ वाकडी गेली की मुलं विचारायची, बाई, ही चूक आहे की बरोबर? एका कंडक्टरच्या मुलाचे सहामाहीचे मार्क मला पाठ होते आणि तुमच्या आईचे मला प्रगतिपुस्तकावर सही करताना कळायचे. पावसात गाडी रद्द झाली की मी नांदगावच्या तिठ्यावर एका दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहायचे आणि दुकानदार सांगायचा, बाई, आत येवन बसा. घरी पोचले की सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, आमची सून सगळा सांबाळता. कौतुक झालं की तोंड बंद होतं. माझं झालं. नव्या घराच्या ओसरीवर मी रविवारी बसायचे. बाकी सहा दिवस तिथे आजोबा बसायचे.

म्हणून मामा बोलत होता तेव्हा माझ्या डोक्यात इतकं काही एकदम आलं की काय आधी बोलावं ते सुचेना.

मग कौल झाला. तुम्हाला हे ऐकून गंमत वाटेल. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, काहीही करायचं झालं की आधी ग्रामदेवतेला विचारतात. देवळात गुरव पाषाणाला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी गळून पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याआधी तो देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने विनंती करतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तुमचा मामा दिवसभर पुण्याच्या लोकांशी इंग्रजीत बोलतो, पण कौल घेतल्याशिवाय घर घेणार नाही. त्याला मी हसत नाही. मीही घेतला असता.

आम्ही गावी गेलो. गुरव माझ्याच वयाचा आहे. डोळे मिटून त्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान जामसंड्याक नवीन घर घेवचा मनात आणल्यान आसा. ता घर त्येका लाभांदे, पोराबाळांचा बरा होवंदे, काय वाकडानाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा." आणि आम्ही सगळे, व्हय म्हाराजा. मी म्हटलं. मामीने म्हटलं. त्या जागी तोंडातून ते आपोआप येतं, लहानपणापासूनची सवय. उजवी कळी पडली, टप्पकन, वाट न बघायला लावता.

कारमध्ये बसल्यावर मामा म्हणाला, आता प्रश्न मिटला. आणि आरशातून मागे आमच्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोघींनीही व्हय म्हटलंत, मी ऐकलं."

तेव्हा मात्र मला राहवेना. मी म्हटलं, प्रश्नच चुकीचा काढला होता. घर लाभेल का हे विचारलंत, रोज तिथून इथे येणं कोणाला झेपेल का हे कुठे विचारलंत? परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मी पेपर काढणाऱ्याला पत्र लिहिलं असतं. मामा हसला. म्हणाला, आई आता देवालाही पेपर सेट करायला शिकवणार. नातसुद्धा हसली. मामी हसली नाही.

मी वाद घालत बसले नाही. दुसऱ्या आठवड्यात मी जामसंड्याला माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेकडे मुक्कामाला गेले. घरी सांगितलं, तिला भेटायला जाते. सकाळी तिच्या घरासमोरच्या थांब्यावर वही-पेन घेऊन उभी राहिले, आणि मामी जशी जाईल तशी कणकवलीला आले. सगळं लिहून घेतलं. गाडी साडेपाचची, आली दहा मिनिटं कमी सहाला. तळेबाजारला शाळेची मुलं चढली, आत सरकली नाहीत, दारात लोंबकळत राहिली. शिरगावला ड्रायव्हर चहाला उतरला. तिथे दोन बायका मला सरकवून बसल्या, त्यांच्याकडे मासळीच्या टोपल्या होत्या, त्यांच्याशी गप्पा मारण्यात बराच वेळ बरा गेला हेही लिहिते. नांदगावला हायवेवर वाहनांची रांग होती. स्टँडवर सात पस्तीस. तिथून चालत लॅबच्या दारात सात पन्नास. मी आत डोकावले तर मामी एका लहान मुलीचा हात धरून तिला काहीतरी सांगत होती आणि बाहेर वीसेक माणसं थांबली होती. सातला आलेली.

तो कागद मी मामासमोर ठेवला. त्याने वाचला. वर बघून म्हणाला, "स्टँडपासून पंधरा मिनिटं? आई, तू हळू चालतेस."

मी म्हटलं, पंधरातली दहा काढून टाक, पाचच ठेव. मग तरी ती सातला पोचते का ते बघ.

तो म्हणाला, बरं, नाही पोचली तर दुसरं काम बघेल. आणि पोचायचं असेल तर सवय करेल. मग त्याने जे म्हटलं ते मी इथे त्याच्याच शब्दांत लिहिते. "तू नाही केलीस? सव्वीस वर्षं? आम्ही कधी तुझी कुरकुर ऐकली नाही."

माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले. मी कुरकुर केली नाही म्हणून ते सोपं होतं असं तो धरून चालला होता. माझ्या गप्प बसण्याचा दाखला तो आता दुसऱ्या बाईच्या समोर ठेवत होता. मला त्याचा राग आला, आजोबांचा आला, जे बिचारे आता उत्तर द्यायलाही नाहीत. सगळ्यात जास्त माझा आला. त्या वर्षांत मी एकदा जरी ओसरीवर बसून मोठ्याने म्हटलं असतं की माझी कंबर मोडते आहे, मला ती शाळेची खोली हवी आहे, तर आज माझ्या मुलाला वापरायला हे वाक्य मिळालं नसतं.

संध्याकाळी मी मामीला म्हटलं, आपण दोघी गुरवाकडे जाऊ, मी परत प्रश्न विचारायला लावते, बरोबर प्रश्न. मी त्याला सांगते की तुला जमणार नाही. मामी कपडे घड्या करत होती. ती रागावली की शुद्ध मराठी सोडून माहेरच्या, इन्सुली गावच्या बोलीत येते.

"आई, माका जमना नाय, ह्या तुमका कोणी सांगल्यान?"

मी गोंधळले. म्हटलं, मग जमणार आहे?

"ता पण मी सांगूक नाय. तो एक माका न इचारता ठरवता, तुमी दुसऱ्या बाजून न इचारता ठरवतास. माका ता घर आवडला. तो ओटो माझ्या उंचीचो आसा. आणि माका माझा काम पण व्हया. सकाळची पाळी माका व्हयी. ह्या दोनय गोष्टी मी माझ्या तोंडान सांगतलंय. तुमी दोघांनी माझ्या वतीन भांडा नकात."

चौदा वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मला लागलं. सासू म्हणून मी उठून जाऊ शकले असते. पण ती बरोबर होती. मी बस पकडली, वेळा लिहिल्या, कागद मांडला, आणि तिला एक शब्द विचारला नव्हता. मी तिच्यासाठी भांडत नव्हते, मी माझंच जुनं भांडण तिच्या खांद्यावरून भांडत होते. म्हटलं, चूक झाली. ती म्हणाली, उशांचे अभ्रे द्या.

रविवारी तिनेच मामाला सांगितलं की गुरवाकडे जायचंय. तो कुरकुरत आला. देवळात मी मध्ये बोलले नाही, फार कष्टाने. मामीने गुरवाला सरळ विचारलं की कौलाचा अर्थ काय धरायचा, सगळ्यांनी तिथे जायचंच असं का?

गुरव देवळाच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होता. "बाय, माका जा इचारूक सांगल्यानी ता मी इचारलंय. घर लाभात काय? देवान सांगल्यान, लाभात. रोज थंयसून हंय कोण येतलो, ता इचारूक माका कोणी सांगूकच नाय."

मामा म्हणाला, मग आता विचारा.

"एकाच घरासाठी देवाक परत परत उठवचा नाय. घरातला घरात ठरवा. देव काय गाडयेत बसून येवचो नाय."

मामी वळली आणि मामाला म्हणाली, "आयकलास? वाट कोणी चलाची ता आपणच ठरवचा. पयले तुमी चला. म्हयनोभर. गाडयेन, कारीन न्हय. थंय बसान तुमचा काम करा, सांजचे परत येवा. तुमका जमला तर मगे माझा बोला."

गुरव सुपारी कातरायचा थांबला. त्याच्यासमोर नाही म्हणायचं मामाला जड गेलं असावं. तो ऐटीत म्हणाला, "म्हयनो कित्याक? वरसभर जायन."

बिल्डरने आनंदाने नमुन्याच्या घराची किल्ली दिली. तिथे इंटरनेट होतं. सोमवारी मामा लॅपटॉपची पिशवी पाठीला लावून पहाटेच्या गाडीने गेला. त्याची दिशा उलटी होती, पण रस्ता तोच आणि गाड्या त्याच. पहिल्या दिवशी त्याने समुद्राच्या पट्टीचे चार फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी शिरगावजवळ गाडीचा टायर गेला आणि सगळ्यांना उतरावं लागलं. त्या दिवशी फोटो आला तो रस्त्याकडेला बसलेल्या माणसांचा. चौथ्या दिवशी गाडी इतकी रखडली की पुण्याच्या साहेबाशी मीटिंग त्याने नांदगावच्या तिठ्यावर ट्रकांच्या हॉर्नमध्ये केली, आणि साहेबाने विचारलं, तू नेमका कुठे आहेस? दुसऱ्या आठवड्यात तो घरी आल्यावर बोलेनासा झाला. नात त्याला गणित विचारायला गेली तर म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, उद्या. ती वही घेऊन माझ्याकडे आली. मला गणित येत नाही हे तिला माहीत आहे.

मी त्याच्या कमरेला तेल लावून दिलं. तोंडाने काही बोलले नाही, कारण बोलले असते तर थांबले नसते. नऊ दिवस तो गेला. दहाव्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही, पांघरुणातून म्हणाला की आज घरूनच करतो. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही.

याचा मला राग येतो. माझी सव्वीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर गेली, तो माझ्या मांडीवर पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी झोपायचा. ती त्याला पुरली नाहीत. माझा कागद पुरला नाही. मामीचा चेहरा तर त्याने कधी वाचलाच नाही. त्याची स्वतःची कंबर नऊ दिवस दुखली तेव्हा कुठे त्याला तो रस्ता लांब वाटला. यावर तुम्ही म्हणाल, आजी, शेवटी कळलं ना? हो, कळलं. पण कळल्यावर त्याने काय केलं ते ऐका.

त्या बिल्डरला सकाळी साइटवर निघताना फोन करायची सवय होती. साडेसहा वाजले असतील. मामी डबा भरत होती, मी चहा गाळत होते. मामा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. बिल्डर विचारत होता, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, तुमचं काय ते सांगा. आवाज इतका मोठा की आम्हाला ऐकू येत होता. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घेतलं असतं हो. पण आईला नको आहे. वय झालं, जागा सोडवत नाही."

हातातली गाळणी तशीच धरून मी उभी राहिले.  एवढ्यात मामीने डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि मामाच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतंय, ह्यांची बायको," ती म्हणाली. "घर माका आवडला. आईंका पण आवडला. पण माझी नोकरी कणकवलेक आसा आणि माका ती सोडूची नाय. म्हणान आमका नको."

पलीकडून तो म्हणाला, सायबांकडे द्या. ती म्हणाली, सायब हंयच आसत, आयकतत, तुमी माझ्याकडे बोला. तो मग समजुतीच्या सुरात म्हणाला, बाय, नोकरेचा काय, हंयसर पण दुसरी गावतली.

"माका गावलेली आसा," मामी म्हणाली, आणि फोन मामाच्या हातात देऊन चपला घालायला गेली.